जुन्या पार्टांचा नवा संच: छपाई देखणी, चिन्हपत्रिका अपुरी

एकोणिसाव्या शतकातल्या कोरीव प्लेटांवरून छापलेले तंतुवाद्यांचे पार्ट (एकेका वाद्यासाठी वेगळी छापलेली स्वरलिपी) जसेच्या तसे पुन्हा छापून, त्यांच्यासोबत अपरिचित चिन्हांचा खुलासा करणारी आठ पानांची चिन्हपत्रिका जोडलेला एक संच आमच्या हौशी ऑर्केस्ट्राने मागवला होता. संचात बीथोवनची सातवी सिम्फनी, श्युबर्टची थोरली सी मेजर सिम्फनी आणि फ्रेंच ऑपेरांतले काही वाद्यवृंदाचे उतारे आहेत. पहिले आणि दुसरे व्हायोलिन, व्हिओला, चेलो आणि डबल बास असे पाच पार्ट, दर दोन वादकांच्या स्टँडला एक प्रत, अशी त्याची मांडणी. मी व्हिओला वाजवतो, आणि पार्ट वाटणे, गोळा करणे, गजाच्या खुणा सगळ्या प्रतींत उतरवणे हे कारकुनी कामही माझ्याकडेच असते. त्यामुळे हा संच मी वादक म्हणून जितका वापरला, त्याहून जास्त तो भिंगाखाली धरून पाहिला आहे. प्रकाशकाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण अशा प्रकारचे संच काढणाऱ्या बहुतेकांच्या चुका सारख्याच असतात आणि हे परीक्षण एकाला दोष देण्यासाठी नव्हे, तर असा संच घेताना काय पाहावे हे सांगण्यासाठी आहे.

कागदाबद्दल आधी बोलतो, कारण तिथे तक्रारीला जागा नाही. कागद किंचित पिवळसर, जाड आणि बिनचकाकीचा आहे, त्यामुळे स्टँडवरच्या दिव्याचा उजेड डोळ्यांवर उलटून येत नाही. पान मूळ पार्टाच्या आकाराचे, म्हणजे घरच्या प्रिंटरमधून निघणाऱ्या ए-४ कागदापेक्षा बरेच मोठे आहे. याच प्लेटांची स्कॅन केलेली पाने २००६ साली सुरू झालेल्या आयएमएसएलपी या संगीतग्रंथालयात कित्येकदा फुकट मिळतात, मग पैसे कशाला मोजायचे, असा प्रश्न आमच्याकडे रीतसर विचारला गेला. त्याचे उत्तर या आकारात आहे. ए-४ वर उतरवलेल्या पार्टात टिंब आणि धुळीचा कण यांत फरक उरत नाही, आणि दोघे वादक मिळून एकाच स्टँडवर वाचत असतील तर बाहेरच्या बाजूला बसलेल्याची मान अवघडते. पाने मधोमध टाचलेली आहेत, उघडली की सपाट बसतात, आणि बहुतेक ठिकाणी पान उलटायची वेळ विरामातच येते. जिथे तशी सोय नाही तिथे जुन्या कोरणाऱ्याने पानाच्या तळाशी 'व्ही. एस.' ही अक्षरे घातली आहेत. 'व्होल्ती सुबितो', म्हणजे पान झटकन उलटा. चिन्हपत्रिकेत हे आहे, आणि बरोबर आहे.

आता चिन्हपत्रिका. तिची कल्पना चांगली आहे. जुना पार्ट पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला सर्वांत आधी अडखळवतो तो चौथाई विराम, कारण जुन्या इंग्रजी आणि फ्रेंच छपाईत तो आजच्यासारखा वेडावाकडा नसून आठव्या भागाच्या विरामाचे आरशातले प्रतिबिंब असतो. डोके डावीकडे की उजवीकडे एवढाच दोघांतला फरक, आणि जलद गतीत तो डोळ्याला दिसेपर्यंत बार (ठोक्यांचा एक कप्पा) निघून गेलेला असतो. पत्रिकेने हे दोन्ही विराम शेजारी शेजारी मोठे छापले आहेत. अनेक बारांचे विराम दाखवणारे जाड ठोकळे, म्हणजे चार बारांचा, दोन बारांचा, एका बाराचा असे जोडून केलेली बेरीज, हेही नीट समजावले आहे. अशा गोष्टींना एकच अर्थ असतो, आणि एकच अर्थ असलेल्या चिन्हांसाठी शब्दकोशासारखी पत्रिका पुरते.

पण तंतुवाद्यांच्या जुन्या पार्टांत ज्या खुणांवर वादक खरोखर अडतो, त्यांना एकच अर्थ नसतो. तिथे आधी विचारावे लागते की ही खूण कोणी केली: संगीतकाराने, नकलनविसाने, प्लेट कोरणाऱ्याने, की पन्नास वर्षांनी त्या स्टँडवर बसलेल्या एखाद्या वादकाने? आणि केव्हा केली? पत्रिका हे दोन्ही प्रश्न विचारत नाही. डाव्या रकान्यात चिन्ह, उजव्या रकान्यात अर्थ, असा तिचा सरळ संसार आहे, आणि त्या सरळपणामुळेच तिने आम्हाला निदान तीन ठिकाणी चुकवले.

सर्वांत मोठा घोळ टिंब आणि उभ्या रेघेचा आहे. जुन्या छपाईत स्वरावर कधी गोल टिंब असते, कधी उभी रेघ, तर कधी वर रुंद आणि खाली निमुळती अशी पाचर. पत्रिका म्हणते: टिंब म्हणजे स्टकातो (तोडून वाजवलेला स्वर), पाचर म्हणजे त्याहून तोकडे आणि तीव्र स्टकातो. आजच्या छपाईसाठी हे ठीक आहे. परंतु बासरीवादक क्वांट्झ यांच्या १७५२ च्या आणि प्रसिद्ध मोझार्टचे वडील, व्हायोलिनवादक लिओपोल्ड मोझार्ट यांच्या १७५६ च्या ग्रंथांत या खुणा मुळात गज कसा चालवावा हे सांगण्यासाठी येतात, स्वर किती कापावा हे मोजण्यासाठी नव्हे. लिओपोल्ड मोझार्ट यांच्याकडे एकाच स्लरखाली (स्वरांना जोडणाऱ्या कमानीखाली) टिंबे असतील तर सगळे स्वर एका गजात घ्यायचे आणि प्रत्येकावर किंचित दाब देऊन ते वेगळे दाखवायचे. त्याच स्लरखाली रेघा असतील तर प्रत्येक स्वरापाशी गज उचलायचा. दोन्ही वेळा कागदावरचा फरक सुईच्या टोकाएवढा, आणि हाताला मात्र दोन निरनिराळी कामे.

यात कोरणाऱ्याचा हात मिसळला की गुंता वाढतो. त्या काळी प्लेट शिसे-कथिलाच्या मऊ धातूची असे. स्वरांची डोकी, टिंबे, विराम हे सगळे पोलादी ठशांनी ठोकून उमटवत, तर स्लर आणि दांड्या हाताने कोरत. संगीतकाराने घाईत काढलेले टिंब टाकाच्या ओढीने लांबट झाले असेल तर समोर बसलेल्या कारागिराने रेघेचा ठसा उचलायचा की टिंबाचा, हे त्याच्या समजुतीवर आणि कधी हाताशी कोणता ठसा आहे यावर ठरे. म्हणून एकाच ओळीत पहिल्या व्हायोलिनला रेघा आणि व्हिओलाला टिंबे असा प्रकार दिसला की त्यात संगीतकाराचा गूढ हेतू शोधण्याआधी ठशांची पेटी आठवावी.

याचा अर्थ फरक काल्पनिक आहे असा मात्र नव्हे. बीथोवनने ऑगस्ट १८२५ मध्ये ए मायनर तंतुवाद्य-चौकडीच्या नकलेसंदर्भात व्हायोलिनवादक कार्ल होल्झ यांना लिहिताना टिंबाच्या जागी रेघ आणि रेघेच्या जागी टिंब चालणार नाही, असे बजावले होते. सातव्या सिम्फनीच्या अ‍ॅलेग्रेटो या दुसऱ्या भागाच्या पार्टांत त्याने स्वतःच्या हाताने खुणा दुरुस्त केल्याचे संगीत-अभ्यासक नोटेबोम यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिले आहे: सुट्या स्वरांवर रेघा आणि स्लरखालच्या स्वरांवर टिंबे. हे माहीत असल्यावर त्या भागाचा सुरुवातीचा ठेका वेगळाच वाजू लागतो. तो ठेका आम्हा व्हिओला, चेलो आणि बासवाल्यांच्याच वाट्याला आधी येतो: एक लांब, दोन आखूड, दोन लांब. शेवटच्या दोन लांब स्वरांवर स्लर आणि टिंबे दिसली की पत्रिकेप्रमाणे टिंब म्हणजे स्टकातो धरून आमच्या पहिल्या तालमीत सगळ्यांनी ते दोन स्वर कोरडे, तुटक वाजवले. पाणी तापून बुडबुडे फुटावेत तसा आवाज झाला. स्लरखालचे टिंब म्हणजे तुटणे नसून एका गजात, तारेवरून गज न उचलता, हलक्या दाबाने स्वर सुटे करणे, हे सांगितल्यावर तोच ठेका चालू लागला. हे एक वाक्य पत्रिकेत हवे होते. त्याऐवजी तिथे 'टिंब आणि स्लर: स्पिकातो' (गज तारेवर उसळवून वाजवणे) असे छापले आहे, जे आणखी तिसरेच.

या एका खुणेवर मोठमोठ्यांचेही एकमत नव्हते, याने आमच्या मंडळींना थोडा धीर आला. ब्राह्म्सच्या व्हायोलिन कन्चेर्तोचा पहिला प्रयोग १ जानेवारी १८७९ रोजी लाइपझिगला व्हायोलिनवादक योआखिम यांच्या वादनाने झाला, आणि त्याच वर्षी छपाईची तयारी चालू असताना स्लरखालच्या टिंबांवरून या दोघा जुन्या मित्रांत पत्रांतून चांगलीच जुंपली. ब्राह्म्सच्या लेखी ते टिंब बीथोवनच्या पद्धतीचे होते, म्हणजे जोडलेले पण किंचित सुटे. योआखिमचे म्हणणे असे की व्हायोलिनवादक तेच चिन्ह एका गजात ठणठणीत तुटक स्वर काढण्यासाठी वापरतात, आणि ब्राह्म्सला हवा तो परिणाम दाखवायचा तर स्लरखाली टिंबांऐवजी आडव्या रेघा घालाव्यात. पियानोवर वाढलेला संगीतकार आणि गज धरून वाढलेला वादक एकाच खुणेकडे पाहून दोन गोष्टी वाचतात, हे तेव्हाही होते. मग आठ पानांची पत्रिका एका ओळीत त्याचा निकाल कसा लावणार?

दुसरी फसगत श्युबर्टच्या पार्टात झाली, आणि तिची मला सगळ्यांत जास्त चीड आली. श्युबर्ट स्वरावर जोर देण्याची खूण बाणाच्या टोकासारखी काढतो खरा, पण हात सैल सोडून, लांबलचक. ती इतकी लांब होते की हळूहळू आवाज कमी करण्याच्या खुणेपासून वेगळी ओळखता येत नाही. थोरल्या सी मेजर सिम्फनीचा अगदी शेवटचा स्वर हे याचे प्रसिद्ध उदाहरण. सगळा ऑर्केस्ट्रा पूर्ण ताकदीने धावत येऊन जिथे थांबतो, तिथे जुन्या छापील आवृत्तीत आवाज कमी करत नेण्याची खूण आहे. म्हणजे एवढी मोठी सिम्फनी शेवटच्या पावलाला मान खाली घालून बाहेर पडते. ही खूण जोराची आहे की उताराची, यावर अजूनही वाद होतो, आणि कंडक्टर दोन्ही प्रकारे करतात. वाद असायला हरकत नाही. पण तो वाद आहे हे वादकाला कळायला नको का? पत्रिका ती खूण दाखवते आणि पुढे 'दिमिनुएन्दो' (आवाज उतरवत जा) एवढेच लिहून मोकळी होते.

या बाबतीत मी स्वतः वापरतो ती पद्धत सांगतो. खूण किती लांब आहे हे एका पार्टात न पाहता पाचही पार्टांत पाहावे. उताराची खूण असेल तर ती साधारणपणे स्वराच्या लांबीबरोबर चालते आणि पुढे कुठेतरी मंद आवाजाचे अक्षर येते. जोराची असेल तर ती स्वराच्या डोक्याशी घुटमळते, पार्टागणिक कमीजास्त लांब होते, आणि पुढच्या बारात पुन्हा तशीच दुसरी येते. दर बाराला आवाज उतरतो आणि मधे कुठेच चढत नाही असे वाचन निघाले की ते बहुधा चुकीचे असते.

तिसरी फसगत छपाईतून आली, आणि तिचा दोष सर्वस्वी या संचाचा आहे. पुनर्मुद्रणासाठी वापरलेल्या मूळ प्रती कोणत्यातरी ऑर्केस्ट्राने वर्षानुवर्षे वाजवलेल्या आहेत. त्यांच्यावर पेन्सिल, निळी-तांबडी खडू-पेन्सिल आणि शाई या सगळ्यांच्या खुणा आहेत. त्या पुसल्या नाहीत याबद्दल मी आभारीच आहे, कारण जुन्या वादकांच्या खुणा म्हणजे फुकटची शिकवणी असते. पण स्कॅन काळ्या-पांढऱ्यात केल्यामुळे शाई, शिसे, खडू आणि मूळ छपाई हे सगळे एकाच काळ्या रंगात मिसळले आहे. आता सातव्या सिम्फनीच्या एका पानावर एका बाराच्या वर चार उभ्या रेघा आहेत. त्या रेघा स्टकातोच्या नाहीत. कोणीतरी त्या बारात कंडक्टर चार ठोके देणार आहे हे स्वतःसाठी टिपून ठेवले आहे. आमच्या दुसऱ्या स्टँडने मात्र त्या चार स्वरांना मनगट झटकून टोचे मारले.

छापील आणि हाताची खूण वेगळी ओळखायची युक्ती अवघड नाही. ठशाने उमटलेले टिंब दर वेळी त्याच मापाचे असते आणि स्वराच्या डोक्याच्या बरोबर वर किंवा खाली बसते. पेन्सिलीचे टिंब कलते, मापाला कमीजास्त होते, आणि बरेचदा पाच रेघांच्या मधूनच ओढलेले असते. धुळीचा कण किंवा प्लेटवरचा खड्डा असेल तर त्याच प्लेटेवरून छापलेल्या दुसऱ्या प्रतीत तो कदाचित दिसतो, कदाचित नाही. म्हणून शंका आली की मी वर उल्लेखलेल्या ग्रंथालयातली दुसरी स्कॅन शेजारी उघडतो. एका संध्याकाळी असे करून व्हिओलाच्या पार्टातली अकरा 'टिंबे' मी माश्यांच्या खात्यावर जमा केली.

याच मिश्रणातून सर्वांत गमतीचा प्रसंग घडला. श्युबर्टच्या दुसऱ्या भागात एका बाराच्या वर दोन छोटी वर्तुळे आणि त्यांना जोडणारी बारीक कमान आहे. माझ्या शेजारी बसणाऱ्या काकांनी पत्रिका उघडली, 'स्वरावर वर्तुळ: मोकळी तार किंवा फ्लॅजोलेट' (तारेला बोट नुसते टेकवून काढलेला शिळेसारखा स्वर) हे वाचले, आणि गंभीरपणे विचारले, "अहो, पण खाली स्वर एकच आहे, वर्तुळे दोन कशी?" ती वर्तुळे म्हणजे चष्मा होता. या जागी वर पाहा, कंडक्टर काहीतरी करणार आहे, असे सांगणारा चष्मा ऑर्केस्ट्रातले वादक पिढ्यान्‌पिढ्या पेन्सिलीने काढत आले आहेत. कोणत्याही छापील पत्रिकेत तो सापडणार नाही. पण वापरलेल्या प्रती छापायच्या असतील तर तो पत्रिकेत असायलाच हवा, आणि त्याच्याबरोबर 'व्ही–दे' सुद्धा. 'व्हीदे' हा 'पाहा' या अर्थाचा लॅटिन शब्द मधोमध तोडून त्याचा पहिला तुकडा एका जागी आणि दुसरा पुढे कुठेतरी लिहिलेला असतो. त्याचा अर्थ, पहिल्या तुकड्यापासून थेट दुसऱ्या तुकड्यावर उडी मारा, मधले गाळा. हे माहीत नसलेला वादक गाळलेला भाग एकट्याने वाजवत बसतो, आणि त्या एकटेपणाचा मला अनुभव आहे.

वर्तुळावरून आणखी एक. चेलोच्या पार्टात वर्तुळाला खालच्या बाजूने छोटी दांडी जोडलेली खूण आहे. ती अंगठ्याची खूण, म्हणजे डाव्या हाताचा अंगठा तारेवर आडवा ठेवायचा. पत्रिकेने तिला 'तार फिंगरबोर्डवर आपटेल असे छेडणे' असा अर्थ दिला आहे. त्या छेडण्याचे चिन्ह दिसायला जवळचे असले तरी त्यात रेघ वर्तुळाच्या वरच्या बाजूला असते, आणि ते रुळले संगीतकार बार्टोकमुळे, त्याच्या १९२८ च्या चौथ्या चौकडीनंतर. तार आपटण्याची कल्पना जुनीच आहे. संगीतकार बीबरने १६७३ च्या 'बातालिया'त लढाईचे आवाज काढण्यासाठी ती वापरली, पण तिथे गज न वापरता उजव्या हाताने तार फटकारा असे चक्क शब्दांत लिहिले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या प्लेटेवर विसाव्या शतकाचे चिन्ह कसे येईल, एवढा साधा प्रश्न पत्रिका तयार करणाऱ्याला पडला असता तर आमच्या चेलोवाल्यांच्या तारा त्या तालमीत वाचल्या असत्या.

फ्रेंच उताऱ्यांत गजाच्या दिशेच्या खुणा उलट्या आहेत. आज आपण डाउन-बोसाठी खाली उघडी असलेली चौकट आणि अप-बोसाठी इंग्रजी 'व्ही' वापरतो. जुन्या फ्रेंच छपाईत हीच चिन्हे डोक्यावर उभी असतात: चौकट वर उघडी आणि 'व्ही'चे टोक वर. चौकटीने फारसे बिघडत नाही. टोक वर असलेला 'व्ही' मात्र जोराच्या खुणेसारखाच दिसतो, आणि पत्रिकेने त्याला तेच मानले आहे. या खुणा ओळखायच्या तर आजूबाजूला पाहावे. बाराआधीच्या हलक्या स्वरावर वर टोक असेल आणि लगेच बाराच्या पहिल्या ठोक्यावर चौकट असेल, तर ती गजाची दिशा आहे. हलक्या स्वरावर इतका जोर कोणी मागत नाही. त्याहून जुन्या फ्रेंच संगीतात दिशा 'टी' आणि 'पी' या अक्षरांनी दाखवतात, ओढणे आणि ढकलणे या अर्थाच्या शब्दांची आद्याक्षरे. तिथे 'पी' वाचून आवाज मंद केला तर काय होईल हे सांगायला नको. अधिक चिन्हाचेही तसेच: आजच्या व्हायोलिनवादकाला ते डाव्या हाताने तार छेडण्याचे वाटते, पण लुलीच्या काळच्या फ्रेंच पार्टात ते कंपनाचे किंवा अलंकाराचे असते.

ट्रेमोलोच्या, म्हणजे तोच स्वर झपाट्याने पुन्हा पुन्हा वाजवण्याच्या, तिरक्या रेघांवरचे पान हे पत्रिकेतले सर्वोत्तम पान आहे. दांडीवर एक रेघ म्हणजे आठव्या भागाचे स्वर, दोन म्हणजे सोळाव्या भागाचे, तीन म्हणजे बहुतेकदा न मोजता थरथर. पण गती संथ असेल तर तीन रेघांचेही बत्तिसाव्या भागाचे मोजून वाजवायचे स्वर असू शकतात, हा बारकावा त्यात आहे. लांब स्वराच्या डोक्यावर चार टिंबे आणि दांडीवर एक रेघ असेल तर ती चार टिंबे चार सुट्या स्वरांची आहेत, हेही आकृतीने दाखवले आहे. नागमोडी रेघेच्या बाबतीत मात्र पुन्हा एकच अर्थ: ट्रिल, म्हणजे शेजारच्या दोन स्वरांत जलद आलटून पालटून जाणे. १६९१ च्या 'किंग आर्थर'मधल्या थंडीच्या प्रसंगात इंग्रज संगीतकार पर्सेलने पुन्हा पुन्हा येणाऱ्या त्याच स्वरांवर नागमोडी रेघ घातली आहे. तिथे ट्रिल वाजवली तर गारठ्याने कुडकुडणारा माणूस पक्ष्यासारखा किलबिलेल. तिथे स्वर न तोडता गजाच्याच दाबाने तो लाटेसारखा हलवायचा असतो. या संचात पर्सेल नाही, त्यामुळे ही चूक या पानांपुरती निरुपद्रवी आहे, पण पत्रिकेच्या मुखपृष्ठावर 'सर्व काळातील तंतुवाद्य-पार्टांसाठी' असे छापले आहे म्हणून सांगावे लागले.

जर्मन शब्दांची यादी लांब आणि उपयोगी आहे. 'आम श्टेग' म्हणजे घोडीजवळ, 'आम ग्रिफब्रेट' म्हणजे फिंगरबोर्डवर, 'श्पिट्से' गजाचे टोक, 'फ्रॉश' गजाची मूठ, 'पुल्ट' म्हणजे स्टँड. शेवटच्या शब्दाचे महत्त्व पहिल्या स्टँडवाल्यांना विचारा: 'पहिला पुल्ट' असे लिहिलेल्या ठिकाणी फक्त त्या दोघांनी वाजवायचे असते आणि मागच्या सगळ्यांनी गप्प बसायचे असते. दोन गोष्टी मात्र खटकल्या. विभागून वाजवा या अर्थाचा 'गेटाइल्ट' हा शब्द १९०१ च्या शुद्धलेखन परिषदेआधीच्या छपाईत एका जादा 'एच'सह येतो. यादीत फक्त नवे रूप दिल्याने आमच्या एका मुलीने पार्टातला शब्द यादीत नाही म्हणून सोडून दिला आणि वरच्या ओळीचे दोन्ही स्वर एकटीने ओढले. दुसरी गोष्ट 'डेम्फर'ची, म्हणजे म्यूटची (घोडीवर बसवायचा, आवाज दबवणारा तुकडा). म्यूट चढवा यासाठी 'आउफझेत्सेन' आणि कधी नुसतेच 'आउफ' लिहितात, तर काढा यासाठी 'अब' किंवा 'वेग'. 'आउफ' हा शब्द आपल्या कानाला इंग्रजी 'ऑफ'सारखा लागतो आणि हात म्यूट काढायला जातो, नेमके उलट. यादीत दोन्ही शब्द अचूक आहेत. फक्त या सापळ्याची सूचना हवी होती.

सातव्या सिम्फनीच्या अ‍ॅलेग्रेटोच्या अखेरीस पिझिकातोनंतर (बोटाने तार छेडल्यानंतर) 'आर्को', म्हणजे पुन्हा गज, कुठे धरायचे, हा प्रश्न या पानांनी पुन्हा समोर आणला. कंडक्टर एरिख क्लायबर आणि त्यांचा मुलगा कार्लोस यांनी शेवटपर्यंत तार छेडण्याचाच मार्ग धरला होता. छापील पार्ट गज घ्यायला सांगतो. आम्ही छापील ऐकले. चेलोच्या पार्टाबद्दल एक इशारा देऊन ठेवतो, या संचात नसला तरी असे पार्ट घेणाऱ्याला तो लागतो: बीथोवन, ड्वोर्झाक, ब्रुकनर यांच्या चेलोच्या ओळींत बास क्लेफनंतर (क्लेफ म्हणजे ओळीवरच्या स्वरांची उंची ठरवणारे चिन्ह) थेट ट्रेबल क्लेफ आला तर तो पुष्कळदा एक सप्तक खाली वाजवायचा असतो. पत्रिकेत याचा उल्लेखही नाही, आणि चेलोवादकांना याहून जास्त घाम फोडणारे दुसरे काही मला माहीत नाही.

मग घ्यावा का हा संच? पार्टांसाठी घ्यावा. आकार, कागद आणि पाने उलटण्याची सोय या तिन्ही गोष्टी रोजच्या वापरात टिकल्या आहेत. चार महिन्यांच्या तालमींनंतर एकही पान निखळलेले नाही. जुन्या वादकांच्या खुणा जशाच्या तशा ठेवल्यामुळे गजाच्या दिशा ठरवताना निम्मे काम आयते झाले. रंगीत नाही तरी निदान करड्या छटांत छपाई केली असती तर पेन्सिल फिकी आणि छपाई काळी दिसली असती, आणि वर सांगितलेल्या तक्रारींपैकी निम्म्या लिहाव्याच लागल्या नसत्या. प्रकाशकाला मी तसे कळवले आहे. चिन्हपत्रिकेची विराम, ट्रेमोलो आणि जर्मन शब्द ही तीन पाने मी काढून प्रत्येक पार्टाच्या मागे चिकटवली, उरलेली पेटीत परत ठेवली. हाताच्या खुणांपैकी जुने ठोके आणि आम्ही न गाळलेल्या भागांचे 'व्ही–दे' पांढऱ्या पट्टीने झाकले. श्युबर्टमधला चष्मा मात्र तसाच ठेवला आहे. त्या बारात आमचा कंडक्टरही दर वेळी काहीतरी करतोच.